इंजिनाचं कपाळ

१२ ऑगस्ट २०२४ रोजी खंडोजी जाधवांच्या खात्यात दोन लाख एकवीस हजार पाचशे रुपये जमा झाले. पैसे अजितनं पाठवले होते. अजित मूळचा पुण्याचा, हेब्बाळच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. डोंगरदऱ्यांत घालायच्या जुन्या विलायती गाड्यांचं त्याला वेड. खंडोजींची १९९२ सालची रेंज रोव्हर त्यानं नऊ लाखांना ठरवली होती. हे आलेले पैसे त्याहून वेगळे, गाडीच्या कामाचे. इंजिन दुरुस्त करायचं, स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलायची, रुंद टायर घालायचे, पुढे दोर ओढायचं यंत्र बसवायचं.

"काका, वरून काय हवं ते बदला," अजित म्हणाला होता. "पण इंजिन तेच पाहिजे हं. आरसी बुकातला नंबर आणि इंजिनवरचा नंबर मॅच व्हायला हवा. त्याचेच तर पैसे देतोय मी."

"तेच आहे की," खंडोजी म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी तरी नव्हतं.

गाडी त्यांच्याकडे आली तीही एक गोष्टच. इंदिरानगरच्या विश्वेश्वर नावाच्या कॉफीमळेवाल्याकडे त्यांनी अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरकी केली. साहेब गेले, तेव्हा त्यांची मुलगी चंदना म्हणाली, "अण्णा, ही गाडी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तुम्हीच ठेवा." कागद खंडोजींच्या नावावर करून ती परदेशी निघून गेली. गल्लीतले लोक म्हणाले, राजानं हत्ती दान दिला, आता चारा कोण घालणार? खरंच होतं. पाच किलोमीटरला लिटरभर पेट्रोल. पण पहाटे झाकण काढून तिच्या काचा पुसताना खंडोजींना आपण अजून कामावर आहोत असं वाटे.

विकायची वेळ आली ती घरामुळं. राजाजीनगरच्या ज्या दोन खोल्यांत त्यांचा सगळा संसार झाला, त्यांच्या मालकानं सांगितलं, संक्रांतीपर्यंत नऊ लाख आणा आणि लीजवर राहा, नाहीतर खोल्या सोडा. बंगळुरात ही रीतच आहे. रक्कम मालकाकडे ठेवायची, भाडं द्यायचं नाही, सोडताना रक्कम परत घ्यायची. पगार बंद झालेल्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? खंडोजींच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीबाईंनी, मनातल्या मनात स्वयंपाकघराला नवा रंगसुद्धा देऊन टाकला होता.

काम परसूकडे दिलं. परसू हा भाग्यलक्ष्मीबाईंचा धाकटा भाऊ. सुंकदकट्ट्याला त्याचं गॅरेज. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. आठवड्याभरात त्याचा फोन आला.

"दाजी, इंजिन उघडलं. ब्लॉकला चीर आहे. हे काही जगत नाही."

"मग रे?"

"भंगारात असंच एक बघून ठेवलंय. याचंच भावंड. बसवतो."

खंडोजी फोन घेऊन दाराबाहेर आले. मग म्हणाले, "बसव. पण आरटीओत जाऊन दुसरं इंजिन घातलं म्हणून बुकात चढवून घे. कागद हातात आला की अजितला मी सांगतो. लाखभर कमी देईल, देऊ दे."

"कागदाचं माझ्यावर सोडा, दाजी."

खंडोजींनी सोडलं. अजितचे अधूनमधून फोन येत, तेव्हा ते म्हणत, "इंजिनचं काम चाललंय. सरी, ठीक होतंय." सांगायचं होतं, पण कागद आल्यावर. कागदाशिवाय तोंड कसं उघडायचं?

खंडेनवमीला गाडी तयार होऊन दारात आली. उंच झालेली, रुंद टायरांची, नाकाशी लोखंडी चरखी. साहेबांनी ओळखली असती की नाही, कोण जाणे. त्या दिवशी साऱ्या शहरात आयुधपूजा. रिक्षापासून बसपर्यंत प्रत्येकाला केळीचे खुंट आणि शेवंतीच्या माळा. जाधवांच्या घरात या पूजेची एक जास्तीची रीत होती. खंडोजींचे आजोबा मार्केटात जटका हाकत. ते नवमीला पहिलं कुंकू घोड्याच्या कपाळाला लावत आणि मग टांग्याला. वडील लॉरीवर गेले. घोडा नाही तर कपाळ कुठलं? त्यांनी विचार करून बॉनेट उघडलं आणि इंजिनावर जिथं आकडा कोरलेला असतो, तिथं बोट टेकवलं. तेव्हापासून जाधवांच्या घरात ते गाडीचं कपाळ. आधी ओल्या फडक्यानं आकडा स्वच्छ पुसायचा, मग हळद, मग कुंकू.

पूजेला अजित आला होता, कुर्ता घालून, हातात मोबाइल. "काका, व्हिडिओ घेतो हं. ग्रुपवर सगळे वाट बघतायत."

"घ्या की."

खंडोजींनी बॉनेट उचललं, वाकून फडकं फिरवलं. आज इथं परका आकडा दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय कागद अजून आलेला नव्हता. म्हणून कुंकू लावून झालं की अजितला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी आंघोळ करतानाच ठरवलं होतं. काळं तेल निघालं आणि आकडे वर आले. पहिला, दुसरा, तिसरा. शेवटचे दोन सात. इतकी वर्षं ज्याला कुंकू लावलं, तोच आकडा. फक्त जुन्या आकड्यातले सात अंगठ्याखाली गुळगुळीत लागत, हे खरखरीत होते. कडा अजून बोटाला टोचत होत्या.

त्यांनी वर पाहिलं. परसू दाराशी नारळ घेऊन उभा होता. त्याची नजर झटकन केळीच्या खुंटाकडे गेली.

"काका, तोच नंबर ना? थोडं सरका, क्लोजअप घेतो."

खंडोजींनी कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवला आणि आकड्यावर दाबला. पुन्हा बुडवला, पुन्हा दाबला. आकडे दिसेनासे झाले.

"पूजा झाल्यावर तिथं बघू नये," ते म्हणाले. अशी काही रीत नव्हती.

चाकाखाली लिंबं चिरडली, कोहळा फुटला. अजित पुरणपोळी खाऊन, "पुढच्या आठवड्यात पैसे आणि ट्रान्सफर, डन," म्हणून गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत खंडोजी दारात उभे राहिले. मग आत आले.

"आकडा ठोकलास?"

"अय्यो दाजी, हळू बोला."

"ठोकलास का?"

"मग काय करू?" परसू पाटावरून उठला. "आरटीओत गेलो होतो. म्हणाले, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद आणा. भंगारवाल्याकडे कागद असते तर तो भंगारात कशाला बसला असता? त्यात तुमच्या पुणेकराला तोच नंबर पाहिजे. दिला. घासून, ठोकून, तेल फासून दिला. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळलं."

"तुम्ही सोडून कुंकू कोण लावतंय तिथं?"

"जुना ब्लॉक कुठाय?"

"वितळला असेल एव्हाना."

म्हणजे परतीचा रस्ताही नव्हता. खरा आकडा भट्टीत गेला होता आणि या इंजिनाचा स्वतःचा होता तो घासून पुसला गेला होता.

भाग्यलक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आल्या. "चुकलं त्याचं. माझ्यासमोर चार थोबाडीत मारा. पण बाहेर सांगू नका. पोलिसांत गेलं तर त्याच्या पोरींनी काय करायचं?"

"आणि न सांगता विकू?"

बाई आत वळल्या. परसू म्हणाला, "नऊ लाख आहेत, दाजी. अक्काचं घर आहे. तुमचं मन स्वल्प दिवस दुखेल, मग राहील."

खंडोजींनी त्या रात्री जेवण केलं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. बोलावं तर मेहुणा तुरुंगात. गप्प राहून विकावी, तर ज्या माणसानं आपल्या शब्दावर पैसे दिले त्याच्या गळ्यात खोट्या आकड्याची गाडी. उद्या नाक्यावर कुणी आकडा तपासला, तर अडकणार अजित. तिसरी वाट एकच होती, आणि ती घरातून बाहेर जात होती.

दोन दिवसांनी ते बस पकडून हेब्बाळला गेले. अजितच्या फ्लॅटमधल्या सोफ्याच्या टोकावर बसून म्हणाले, "गाडी विकायची नाही."

अजित आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. "कुणी किती वाढवून दिले, काका?"

"कुणी नाही."

"मग का?"

"मन होत नाही."

"ऑगस्टमध्ये मन होतं, काम माझ्या पैशांनी करून घेईपर्यंत मन होतं, आणि आता नाही? वा! स्मार्ट आहात. मला वाटलं, जुनं मराठी घर, शब्दाचा माणूस."

खंडोजींच्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. त्यांनी समोर ठेवलेलं पाणी पिऊन टाकलं. "तुमचे पैसे देतो. सगळे देतो."

"द्यालच. नाहीतर मी सोडणार नाही."

दारापर्यंत पोचवायला अजित उठला नाही. ग्रुपवर त्यानं त्यांचं नाव आणि फोटो टाकून 'यांच्यापासून सावध' असं लिहिलं. ते शेजारच्या पोरानं भाग्यलक्ष्मीबाईंना दाखवलं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही, पण खंडोजींना कळायचं ते कळलंच.

बँकेत होती तेवढी ठेव मोडून अजितच्या पैशांचा मोठा भाग फेडला. संक्रांतीनंतर राजाजीनगर सुटलं. परसूनंच सुंकदकट्ट्याला, गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून, एक खोली बघून दिली. भाग्यलक्ष्मीबाई भावाकडे जात, खंडोजी जात नसत. हेब्बाळच्या एका ऑफिसची गाडी चालवायला लागल्यापासून ते रोज अजितच्या इमारतीवरून जातात. रेंज रोव्हर मात्र परसूच्याच आवारात उभी राहिली. रस्त्यावर आणायची नाही, भंगारात द्यायचं धैर्य नाही, आणि दुसरीकडे जागा नाही.

पुढच्या खंडेनवमीला खंडोजी करंडा घेऊन गॅरेजात गेले. वर्षभरात पहिल्यांदाच. परसूनं ताडपत्री काढली, बॉनेट उचललं, आणि फडकं पुढे केलं.

"दाजी."

खंडोजींनी फडकं घेतलं नाही. बॉनेट हळूच खाली घेऊन बंद केलं. त्याच्या पत्र्यावर, बाहेरच, कुंकवाचं एक बोट लावलं आणि हात जोडले.

"आत नाही लावत?"

"बाहेरच बरं आहे."

परसूनं ताडपत्री पुन्हा ओढली. खंडोजी कामावर गेले.

अजितचे चौदा हजार पाचशे रुपये अजून द्यायचे आहेत.