पाण्याकडे तोंड केलेलं सील

वरूडमध्ये खुशालराव मिस्त्रींना दोन गोष्टींसाठी ओळखतात. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं दुखणं ते नुसत्या आवाजावरून सांगतात, ही एक. आणि त्यांच्याकडे शिडाची बोट आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट सांगताना लोक मान डोलावतात, दुसरी सांगताना हसतात. हसू द्या. जिथे हजार हजार फूट बोअर मारूनही खालून नुसती धूळ उडते, तिथला माणूस बोट बाळगतो म्हटल्यावर लोक रडतील थोडेच!

ही बोट त्यांच्याकडे आली तीही गंमतच. मोर्शीकडच्या धरणावर कुणा हौशी मंडळींनी एकदा बोटींचा क्लब काढला होता. हौस फिटली, क्लब मिटला, आणि एक चोवीस फुटी बोट अर्धी पाण्यात, अर्धी गाळात पडून राहिली. तिचं डिझेल इंजिन काढून द्यायला खुशालरावांना बोलावलं. पान्यांची पेटी घेऊन ते बोटीच्या पोटात उतरले. बारीक गोल खिडकीतून पाण्यावरचा उजेड आत येत होता आणि छतावर हळूहळू हलत होता. खुशालराव तासभर त्या उजेडाकडे बघत बसले, एकही नट न खोलता. बाहेर आले ते इंजिनासकट अख्खी बोटच मागून बसले. मालकाला ब्याद टळल्याचाच आनंद झाला.

लोकांना वाटलं, म्हातारचळ. पार्वताबाईंनाही आधी तसंच वाटलं. पार्वताबाई म्हणजे त्यांची बायको, आणि त्या धरणाचं नाव घरात निघालं की उठून आत जाणारी बाई. त्यांचं माहेर, सावरखेडी, त्याच पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं त्याच साली त्यांचं लग्न झालं, तेही पुनर्वसनाच्या टिनाच्या शेडमध्ये. त्यामुळे खुशालरावांनी सासऱ्यांचं घर कधी पाहिलंच नाही. 'सगळ्याइले सासरवाडी असते, मले सासरपानी आहे,' असा विनोद त्यांनी एकदाच केला होता. पार्वताबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मोर्शीला जाताना एसटीतून धरणाची भिंत दिसू लागली की त्या अजूनही मान फिरवून दुसऱ्या खिडकीतून बघत.

पण बोट बघायला म्हणून त्या एकदा काठावर आल्या. शिडी चढून आत गेल्या, लाकडी बाकावर बसल्या, त्यावरून हात फिरवला.

"ओसरीवानी हाय हे," त्या म्हणाल्या. मग बाकावरचा हात न काढता, "याच्यात बसून माह्या गावावर जाता येईन का?"

पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईने मिक्सर मागितला, कूलर मागितला, लेकीच्या, साधनाच्या लग्नात चांगला मांडव मागितला. पण असं काही मागितलं नव्हतं.  "येते ना, काहून नाई येणार?" खुशालराव म्हणाले.

गेल्या कार्तिकात ते दोघं निघाले होते. पाणी काठोकाठ, शिडात वारा. पार्वताबाई डोळे मिटून बसलेल्या. सावरखेडी दोन टेकड्यांच्या आडोशाला. तिथे वारा पोचत नाही, शीड मेलेल्या कोंबडीसारखं लोंबतं. म्हणून खुशालरावांनी इंजिन लावलं. इंजिन गरजलं आणि बोट जागची हलेना. शेवटी नत्थुजी भोई आपला डोंगा घेऊन आला आणि दोर बांधून त्याने बोट काठाला ओढून आणली. माहेर अर्ध्या मैलावर राहून गेलं.

उतरताना पार्वताबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्या म्हणाल्या, "एकडाव अजून बसतो. तवाबी असंच झालं, तं मंग नाई. समजीन, गाव मले बलावत नाई."

हे वाक्य खुशालरावांच्या डोक्यात वर्षभर किणकिणत राहिलं. यंदाचा कार्तिक जवळ आला तशी त्यांनी बोट ट्रॉलीवर चढवून काठावर ओढून घेतली आणि खालचा ड्राइव्ह उघडायला घेतला. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या पोटातून खाली पाण्यात उतरलेली गिअरची पेटी. तिच्या टोकाला पंखा. तळाचा स्क्रू सोडला तर तेल यायच्या ऐवजी पांढरं ताक आलं. आत पाणी शिरलं होतं. पंखा काढल्यावर कारण सापडलं: मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा शाफ्टला गच्च गुंडाळला होता आणि त्याने रबरी सीलं कापून काढली होती. पार चिंध्या झालेल्या. कुठलं सील कुठे होतं आणि कसं होतं, हे सांगायला त्यांच्यात काही शिल्लक नव्हतं.

त्यांनी मुंबईच्या एका बोटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बोट घेऊन या. "घेऊन या म्हंते," खुशालराव फोन ठेवून म्हणाले, "खिशात टाकून आनाची जशी!" मग त्यांनी व्हर्नियर पट्टीने शाफ्टचं माप घेतलं आणि एसटी धरून अमरावती गाठली. बेअरिंगच्या दुकानात माप सांगितल्याबरोबर दुकानदाराने दोन डब्या काढून ठेवल्या. कोणत्या मशीनचं आहे, त्याने विचारलं. "बोटीचं," म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

सील बसवणं खुशालरावांना नवं नव्हतं. आयुष्यात हजारो बसवली असतील. शाफ्टवर नख फिरवून कुठे खाच पडली ते पाहिलं, बारीक पॉलिश पेपर मारला, कडेला ग्रीस लावलं, लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत एकामागे एक दोन्ही सीलं बसवली. हात आपोआप चालत होते. त्यांचं मन मात्र सावरखेडीच्या न पाहिलेल्या गल्ल्यांतून हिंडत होतं. घर उगवतीला की मावळतीला? दाराशी पिंपळ की लिंब? ते बायकोला कधी विचारायचं धाडस झालं नव्हतं. नवं तेल भरलं, बोट पाण्यात सोडली, काठाला बांधूनच तासभर इंजिन गिअरमध्ये चालवलं. मग तेल तपासायची दांडी बाहेर काढून पाहिली.

दांडीवर ताक.

खुशालरावांनी ती पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. ज्या माणसाच्या हाताखालून गेलेला ट्रॅक्टर परत यायचा तो फक्त पेढे घेऊन, त्याच्यावर ही वेळ! दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं नाही. अंगणात बाजेवर आभाळाकडे बघत पडून राहिले. कार्तिक संपायला आठ दिवस होते; पुढे कालवे सुटले की धरणाचं पाणी उतरणार. पार्वताबाईंनी दुपारी चहा आणून ठेवला आणि जवळच जमिनीवर बसल्या. समोर कागदावर सीलांच्या रिकाम्या डब्या पडल्या होत्या, प्रत्येकीवर सीलाचं चित्र.

"काय नासलं?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई नासलं. सारं बरोबर बसवलं. तरी पानी शिरलं."

"हे गोल गोल कायसाठी असते?"

"तेल बाहेर जाऊ नाई म्हनून," खुशालराव त्रासून म्हणाले. "हा जो ओठ असते ना रबराचा, हा तेलाकडे तोंड करून बसवाचा. तेल दाबते, ओठ अजून घट्ट बसते. दोन्ही ओठ आतमधी केले मी. पक्कं काम."

"दोन्ही आतमधी?"

"मंग? ट्रॅक्टरले तसंच असते."

पार्वताबाईंनी डबी उचलून बघितली, ठेवली. "अन पानी बाहेरून येते, त्याच्याकडे कोन पाह्यते?"

खुशालराव उठून बसले.

"तुमच्या गावाले काय ठाव," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी जल्मभर पान्यामांगं धावले. पानी दारात येते, आतमधी येते, चुलीपर्यंत येते, हे तुमाले कसं समजीन? आमी पाह्यलं."

खुशालरावांनी कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की शेजारच्या घरची बाई डोकावून गेली. खरंच की! आयुष्यभर एकच भीती ठाऊक: आतलं बाहेर जाईल. तेल गळेल, डिझेल गळेल. बाहेरचं पाणी आत घुसेल ही भीती वरूडच्या मिस्त्रीला कुठून असणार? भंडाऱ्याकडच्या, धानाच्या चिखलात ट्रॅक्टर घालणाऱ्या एखाद्या पोराला ही गोष्ट झोपेत कळली असती. तळ्याच्या मधोमध चालणाऱ्या यंत्राला खुशालरावांनी कोरडवाहू सीलं बसवली होती!

बसवलेली सीलं काढताना खराब होतातच. ते पुन्हा अमरावतीला गेले. दुकानदाराने पुन्हा चष्म्यावरून पाहिलं. बोट पुन्हा ट्रॉलीवर चढली. या वेळी पार्वताबाई जवळ स्टूल टाकून बसल्या आणि एकेक गोष्ट बघत होत्या. पहिलं सील आत गेलं, तेलाकडे तोंड करून. दुसरं बाहेर, पाण्याकडे तोंड करून. दोघांच्या मध्ये ग्रीसचा थर.

"पाठीले पाठ," खुशालराव म्हणाले.

"भांडल्यावानी," पार्वताबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

तेल भरून झालं. तासभर चालवलं. दांडी बाहेर काढली तेव्हा खुशालरावांनी आधी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला. तेल मधासारखं होतं, स्वच्छ. त्यांनी ते बायकोला दाखवलं नाही. दाखवायचं होतं ते वेगळंच होतं.

कार्तिकातली सकाळ. संत्र्याच्या बागांवरून येणारा गारवा, पाण्यावर धुक्याची साय. शीड भरलं तेव्हा बोट काही न बोलता निघाली. गाव सुटलं, काठ सुटला, नत्थुजीचा डोंगा ठिपक्याएवढा झाला. पार्वताबाई या खेपेला डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. पाण्याखाली वावरं होती, वावरांमधल्या पांधी होत्या, बैलगाड्यांची चाकोरी होती, आणि त्या सगळ्यावरून ही दोन माणसं पाखरासारखी जात होती. आपण जागे आहोत की नाही, अशी खुशालरावांना शंका आली. सुकाणू मात्र त्यांनी घट्ट धरलं होतं.

टेकड्यांच्या आडोशाला वारा पडला. खुशालरावांनी मनातल्या मनात जे देव आठवले त्या सगळ्यांची नावं घेतली आणि इंजिन लावून गिअर टाकला. बोट पुढे सरकली. अगदी सहज, जणू हे तिचं रोजचंच काम होतं.

"डाव्या हाताले," पार्वताबाई म्हणाल्या. त्या टेकड्यांकडे बघून वाट सांगत होत्या. "हे गावाची शिव आली. हे मारोतीचं देऊळ. आता नाकासमोर, सरके. सरके. इथं वळा, गल्ली हाय." सपाट निळ्या पाण्यावर खुशालराव गल्लीत वळावं तसे वळत होते. "बस. थांबा. हे आमचं."

त्यांनी गिअर काढला. पाणी काचेसारखं स्थिर होतं. खाली काहीही दिसत नव्हतं, नुसता हिरवा अंधार. पार्वताबाई कठड्यावरून वाकून बघत राहिल्या. त्या रडतील असं खुशालरावांना वाटलं होतं, आणि रडल्या तर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण त्या रडल्या नाहीत. लुगड्याचा पदर त्यांनी डोक्यावरून नीट घेतला, अंगणात कुणी मोठं माणूस आल्यावर घेतात तसा.

"घराचं तोंड कोनीकडे होतं?" खुशालरावांनी शेवटी विचारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"उगवतीले. तुमी आता बसले ना, थे दारच हाय."

खुशालराव एकदम अंग चोरून बसले.  मग हाताला काम हवं म्हणून त्यांनी उगाच दांडी काढून तेल पाहिलं आणि म्हणाले, "पानी नाई शिरलं आतमधी."

"नाई शिरलं," पार्वताबाई म्हणाल्या.

त्यांनी प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी बाजूला ओतून दिलं, आणि वाकून तो धरणाच्या पाण्यात बुडवला. भरला. मग तो घेऊन नवऱ्यासमोर, बोटीच्या फळीवर, गुडघे मोडून बसल्या.

"पाय पुढं करा."

"काहून?"

"जावई पयल्यांदा दारात आले," पार्वताबाई म्हणाल्या. "पाय धुवाले पानी द्याले माय नाई, बाप नाई. मंग कोन देईन? मीच देतो."

खुशालरावांच्या टाचा ग्रीसने काळ्या होत्या. त्यांना लाज वाटली. पण त्यांनी पाय पुढे केले, आणि सावरखेडीचं पाणी त्यांच्या पायांवर पडलं, थंडगार.