चेंडूला न शिवणारा खेळाडू

जो खेळाडू सामन्यात चेंडूला हातही लावत नाही, तो चांगला खेळला की वाईट, हे कसे ठरवावे? हा प्रश्न मला एका बारा वर्षांच्या मुलीमुळे पडला.

२०१०च्या दशकाच्या मध्यावर आम्ही सिंगापूरला, मरीन परेड भागात राहत होतो. पुण्यातली गणिताच्या शिक्षिकेची नोकरी सोडून मी तिथे गेले होते. माझे यजमान जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर इंजिनिअर होते. त्यांच्याच कंपनीत सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणारे एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत. तरुणपणी ते काही वर्षे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले होते आणि गुडघा निकामी झाल्यावर त्यांचा खेळ सुटला होता. हेही त्यांनी सांगितले, ते मी त्यांच्या लंगडण्याबद्दल विचारले म्हणून.

त्यांची मुलगी माझ्याकडे गणित शिकायला येई. एका शुक्रवारी तिच्या वहीत शाळेचा एक फॉर्म दिसला. पालकांपैकी एकाने वर्गात येऊन आपल्या आजच्या किंवा पूर्वीच्या कामाविषयी बोलायचे होते, आणि नाव सोमवारपर्यंत द्यायचे होते. नावाची जागा कोरी होती.

मी कारण विचारले. तिने इंटरनेटवर वडिलांची कामगिरी शोधली होती.

"सगळीकडे झीरो, आंटी. एक पण टचडाऊन नाही. डॅड नुसता उभा होता, लाह."

टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण, आणि "लाह" हे सिंगापुरी बोलण्याचे शेपूट. नुसता उभा होता, हेच ती आदल्या दिवशी जेवताना वडिलांनाही म्हणाली होती. खरे आहे, मी एकही गुण मिळवला नाही, एवढे बोलून ते ताट घेऊन उठले होते. हे सांगताना तिची नजर वहीतून वर आली नाही.

शनिवारी मी त्यांच्याकडून एका जुन्या सामन्याची डीव्हीडी मागून घेतली. देताना ते म्हणाले, "टीचर, चेंडू पाहू नका."

मी नेमका तोच पाहिला. क्रिकेट पाहत वाढलेली नजर चेंडू सोडीना, आणि अर्ध्या तासात शेजारी मला एकदाही दिसले नाहीत. मग मी पद्धत बदलली. चेंडू फेकणारा खेळाडू मागे उभा असतो, त्याला पाडायला प्रतिस्पर्धी धावून येतात, आणि त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच जणांची भिंत. फेकणारा उजव्या हाताचा असेल, तर फेकताना डावी बाजू त्याच्या पाठीमागे जाते. डाव्या टोकाचा माणूस ती बाजू राखतो. आमचे शेजारी तिथे होते.

रविवारी मुलीला शेजारी बसवले आणि चौकटीची वही उघडली. नियम एकच: नजर फक्त डॅडच्या जर्सीवर. समोरच्याला अडवले तर बरोबरची खूण, तो निसटून फेकणाऱ्यापर्यंत पोचला तर फुली. प्रत्येक डाव काही सेकंदांचा. दोघींनी स्वतंत्र खुणा करायच्या आणि मग ताडून पाहायच्या.

पहिले पान बरोबरच्या खुणांनी भरले. मुलगी आता खुर्चीच्या कडेवर सरकली होती. एका डावात मात्र आमचे जमले नाही: माझी खूण बरोबरची, तिची फुली. आम्ही तो डाव तीनदा मागे नेऊन पाहिला. तेवढ्यात तिला न्यायला आलेले वडील दारातच थांबले.

"फुलीच बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा पाय उशिरा पडला. फेकणाऱ्याचा खांदा दुखावला, तो माझ्यामुळे."

मुलगी त्यांच्याकडे वळली. मग तिने विचारले, "आणि बाकीच्या वेळी त्याला काहीच झालं नाही?"

"बाकीच्या वेळी तो उभा होता."

तिने फॉर्म काढला आणि माझ्याच पेनने वडिलांचे नाव लिहिले. त्यांनी खाली सही केली.

त्यांच्या आग्रहावरून मीही शाळेत गेले. मुलीने आमचा तक्ता वर्गापुढे धरला, फुलीसकट. किती टचडाऊन, असे कोणीतरी विचारलेच. "झीरो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ते त्याचं कामच नव्हतं, लाह." वर्गात शिकवण्याची इतकी वर्षे काढलेल्या मला त्या दोघांचा जो अभिमान वाटला, तसा फार थोड्या वेळा वाटला आहे.

माझे उत्तर असे: अशा खेळाडूची कामगिरी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसावरून मोजावी. मात्र वाचकांनी हे केवळ माझ्या शब्दावर मानू नये. अशा एखाद्या सामन्याचे चित्रीकरण मिळवावे, चेंडू सोडून त्या भिंतीतला एकच माणूस निवडावा, आणि स्वतः मोजून पाहावे.