उपाशीपोटी धावताना

पोलीस भरतीला लागते तेवढी उंची मला होती आणि लेखी परीक्षेची भीती नव्हती. अडचण एकच होती, मी जाड होते. अंजनगाव सुर्जीला आमची पिठाची चक्की होती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, चक्कीवाल्याच्या पोरीच्या अंगी नुसता पिठाचा वारासुद्धा लागतो. त्यांना मी उलट उत्तर द्यायची, ते मला चांगलं जमायचं. पण अमरावतीला दर रविवारी भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांपुढे माझी बोबडी वळली. मैदानाला फेऱ्या मारून आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, तर ते म्हणाले, "पोरी, हे ओझं आधी उतरव. चोर का तुयासाठी थांबून राह्यते?" सगळ्या मुली हसल्या. मीही हसले आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून रडले.

ती नोकरी मला हवीच होती. यंदाची भरती साधली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं आईने स्वच्छ सांगितलं होतं. बाबा काही बोलले नव्हते. बाबा तसेही कमीच बोलायचे. दिवसभर चक्कीच्या आवाजात राहणाऱ्या माणसाची बोलायची सवयच जाते.

ओझं उतरव एवढंच सर म्हणाले होते, कसं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग माझं शहाणपण मीच चालवलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि वरणाचं वरचं पाणी, रात्री काकडी. तेल बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद. केळीच्या मळ्यांच्या गावात राहून केळंही बंद. आईने वाढलेलं ताट मी अर्धं सारून उठायची. ती म्हणायची, "काहून गं, भाजी खारट झाली का?" मी म्हणायची, भूक नाही. खरं सांगितलं असतं तर तिने माझं धावणंच बंद केलं असतं. पोलिसात जाणं तिला मान्य होतं, उपाशी राहणं नाही.

पहिले काही दिवस छान गेले. पंजाबी ड्रेस सैल झाला, मी आरशासमोर वळून वळून बघितलं. मग अंगातला जीव कुठे जायला लागला कळेना. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे. वजन उतरत होतं आणि धावायला लागणारा वेळ मात्र वाढत होता. मला वाटलं, अजून पुरेसं उतरलं नाही. म्हणून अर्धी भाकरीही सोडली.

पहाटे उजाडायच्या आधी मी दर्यापूरच्या रस्त्याने निघायची. गाव संपलं की संत्र्यांच्या बागा, पुढे कपाशी, आणि रस्त्याला लागूनच एक जुनी विहीर होती. तिचा दगडी कठडा गुडघ्याएवढा. आधी मी ती विहीर मागे टाकून बरीच पुढे जायची. नंतर नंतर तिथपर्यंत येतानाच पाय भरून यायचे आणि मी कठड्यावर बसायची. आत काळं पाणी होतं. त्यात बघत बसलं की डोकं जरा थांबायचं.

ती वर्षं आमच्या भागात शेतकऱ्यांसाठी वाईट होती. बातमी सकाळी यायची. कोणी दाराशी येऊन हळू आवाजात बोलायला लागलं की आई हातातलं काम खाली ठेवायची. आमच्या शेजारचे काका त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले, स्वतःच्या शेतातल्या विहिरीत सापडले. मग बायका ओट्यावर बसून मागचं आठवायला लागल्या. ताटात टाकून उठायचा. कोणाशी बोलायचा नाही. पहाटे एकटाच बाहेर पडायचा. खंगला होता. जो तो म्हणत होता की आपल्याला आधीच दिसलं होतं. तेव्हापासून गल्लीला एकमेकांच्या ताटात बघायची सवय लागली. "जेवले का?" हे नुसतं विचारायचं म्हणून विचारणं राहिलं नव्हतं, विचारणारा उत्तरासाठी थांबायचा.

बाबांना ते खरंच आधी दिसलं होतं. कोणाच्या घरी किती पीठ लागतं हे चक्कीवाल्याला पाठ असतं. काकांच्या घरचा डबा पूर्वी आठवड्याला यायचा, तो लांबत लांबत महिन्यावर गेला होता. बाबांनी दळण करून दिलं, झाकण लावलं आणि काही विचारलं नाही. काकांना बाहेर काढत होते तेव्हा बाबा विहिरीच्या काठावर उभे होते. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि चक्की सुरू केली. हे मला आईने सांगितलं. डब्याची गोष्ट बाबांनी तिला एकदाच सांगितली होती.

पावसाळा सरता सरता माझ्या मागे कोणीतरी यायला लागलं. आधी सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू आला, कोरड्या साखळीचा, लांबून. मी थांबले की तो थांबायचा. मी पळाले की मागून पुन्हा सुरू व्हायचा. वळून बघितलं तर अंधारात एक आकृती, सायकलला दिवा नाही, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. मी घाबरले, खूप घाबरले. पण घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पहाटेचं बाहेर पडणं त्याच दिवशी संपलं असतं. म्हणून मी जास्त जोरात पळायची, आणि पोटात काही नसल्यामुळे जास्त लवकर थकायची. विहिरीशी येऊन बसले की तोही कुठेतरी झाडाखाली उभा असायचा. मला तो दिसायचा नाही. तो बघतो आहे एवढं कळायचं. पोलीस होऊ बघणारी मी, साधं ओरडायलाही अंगात जोर नव्हता.

त्या पहाटे धुकं होतं. रात्री मी काकडीही खाल्ली नव्हती, कारण भरतीची तारीख लागली होती आणि मला घाई झाली होती. विहिरीशी आले ती जवळजवळ चालतच. कठड्यावर बसले, थोड्या वेळाने उठायला गेले आणि सगळं फिरलं. रस्ता कुठे, पाणी कुठे कळेना. मी दगडाला टेकलेला हात सुटला. तेवढ्यात सायकल रस्त्यावर आपटल्याचा आवाज आला आणि धावत येणारी पावलं. या वेळी तो थांबला नव्हता. त्याने मला दंडाला धरून ओढलं आणि आम्ही दोघं चिखलात पडलो. त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. मला वाटलं, संपलं आता.

मग पिठाचा वास आला. दुपट्टा सुटला होता आणि समोर बाबा होते. भुवयांवर पीठ होतंच, ते कधी पूर्ण निघायचंच नाही. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दोराकडे. बापाजवळ दोर आहे आणि उजाडलेलं नाही, त्या वर्षी याचा एकच अर्थ होता. आणि मला आठवलं की बाबाही अलीकडे ताटावरून लवकर उठत होते.

"बाबा," मी म्हटलं, "दोर कायले आणला?"

ते धापा टाकत होते. विहिरीकडे बघून म्हणाले, "तू रोज अथी येऊन बसते."

"मग?"

"मले पोहता येत नाई, माय."

मी चिखलातून उठून बसले. मग त्यांनीच विचारलं, "का झालं तुले? कोनं काई म्हटलं का? जेवत नाईस. घरातलं पीठ सरून नाई राह्यलं." मी सांगितलं, बाबा, मी बारीक होऊन राह्यली, धावता यावं म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नाही. धावायचं म्हणून उपाशी राहणारं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं. बैलाला नांगराला जुंपायच्या आधी चारा घालतात, एवढंच त्यांना माहीत. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. ते हो म्हणाले. मला सायकलच्या मागे बसवलं आणि घरी आणलं. हो म्हणताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

पुढच्या रविवारी ते माझ्यासोबत अमरावतीला आले. सरांनी ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाले, अगं, आधी पोटोबा. निघायच्या आधी अर्धं केळं किंवा गुळाचा खडा, धावून आल्यावर मोड आलेली मटकी, दुपारी पोटभर भाकरी-वरण, फक्त रात्रीचं हलकं. तळलेलं सोड, जेवण नको सोडू. वजन सावकाश उतरू दे. मी तसं केलं. पायांत जीव परत आला, विहीर पुन्हा मागे पडायला लागली. साखळीचा आवाज मात्र थांबला नाही. बाबांनी आता दुपट्टा गुंडाळणं सोडलं होतं, एवढाच फरक. मी चिडून म्हणायची, आता कायले येता? ते म्हणायचे, हवा खायले.

भरती अकोल्याला होती. मी खूप चांगली धावले. आजवर इतकी कधी धावले नव्हते आणि तरी थोडक्यात हुकले. उपाशी घालवलेल्या दिवसांचं नुकसान काही आठवड्यांत भरून निघालं नाही. बाबा कुंपणाबाहेर उभे होते. निकाल त्यांना सांगावा लागला नाही.

घरी आईने ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, झुणका, वर कच्चं तेल. इतके महिने मी भूक नाही म्हणत आले होते, ते सगळं खोटं होतं. त्या संध्याकाळी मात्र मला खरोखर अन्न नकोसं झालं होतं. जगात कशातच काही उरलं नाही असं वाटत होतं, आणि तसं वाटणं कसं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ताट सारायला मी हात पुढे केला. समोर बाबा बसले होते. त्यांनी स्वतःच्या भाकरीला हात लावला नव्हता. ते माझ्या हाताकडे बघत होते.

मी भाकरी मोडली. पहिला घास पाण्याबरोबर गिळला. मग दुसरा. भाकरी संपली तेव्हा आणखी एक मागून घेतली आणि तीही संपवली. त्यानंतर बाबांनी आपलं ताट पुढे ओढलं.