भूकंप न झालेले दिवस

मामा गेल्याची बातमी मला खामगावला, शाळेत, मधल्या सुट्टीच्या जरा आधी मिळाली. सोनाळ्याहून आलेला माणूस वर्गाच्या दाराशी उभा होता, चपला बाहेर काढून. "मास्तर गेले, बाई. सकाळी," एवढंच तो म्हणाला. कावीळ होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मला कोणी कळवलं नव्हतं, कारण मामांनीच कळवू नका म्हणून बजावलं होतं… सुमनच्या शाळेत परीक्षा असतील, म्हणून. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दुःखाचं मी माझं पाहून घेईन. हा लेख मी दुःखाने लिहीत नाही, रागाने लिहिते आहे. आणि तो राग तेराव्यानंतर आठवड्याभराने, पिंपळगाव राजाच्या शाळेत भरलेल्या शोकसभेत सुरू झाला.

नामदेव मास्तर, माझे मामा, सोनाळ्याला बदली होण्याआधी त्या शाळेत गणित शिकवत. सभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. शेवटी बोलायला उभे राहिले ते तिथल्या एका छापखान्याचे मालक. या गृहस्थांचं नाव मी लेखात घातलं होतं, पण वर्तमानपत्राच्या पुरवणीत तसं चालत नाही असं मला सांगण्यात आलं. तेव्हा त्यांना शेठजी म्हणते. शेठजींनी रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाले, की नामदेव मास्तर हे भूकंप आधी ओळखणारे ऋषी होते, कोयनेचा भूकंप त्यांनी सहा महिने आधी कुंडलीत पाहिला होता, आणि त्यांचं हे गुप्त ज्ञान आपण ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणार आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मी उठून म्हटलं, "हे खोटं आहे. मामांनी कोयनेचा भूकंप सांगितला नव्हता. सांगता येत नाही, एवढंच ते शेवटपर्यंत सांगत होते." अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत." म्हणजे खोटं ते चांगलं, आणि मी बोलले ते वाईट. मी खाली बसले. शेजारी मामी बसल्या होत्या, त्या उठून सरळ फाटकाबाहेर गेल्या.

आमचं आजोळ भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि बाजाराला न्यायचं. त्या घरातले मामा हे पहिले शिकलेले. लहानपणी गावातल्या एका म्हाताऱ्या जोशीबुवांनी त्यांचं गणित पाहून त्यांना पंचांग मांडायला शिकवलं. वावरातल्या पोराला हे कशाला, असं तेव्हा आमच्याकडचेही म्हणाले आणि जोशीबुवांकडचेही. मामा निरयन पद्धतीने कुंडली मांडायचे. निरयन म्हणजे आकाशातले तारे स्थिर धरायचे आणि त्यांच्यापासून ग्रहांचं अंतर मोजायचं. मला ते अंगणात खाटेवर बसून समजावत, "हे पाय सुमे, तारा हा आपला धुरा, वावराची हद्द. धुरा हालत नाही. ग्रह म्हणजे बैल. बैल कुठं उभा हाये ते धुऱ्यापासून मोजाचं." लग्नाच्या पत्रिका जुळवायला लोक यायचे, मामा जुळवून द्यायचे. त्यावर त्यांचा विश्वास होता, हे मी लपवणार नाही. पक्का विश्वास होता.

कोयनेला भूकंप झाला तेव्हा मी मॅट्रिकला होते आणि शिकायला पिंपळगाव राजाला मामांकडेच राहायची. पुढच्या काही दिवसांत वर्तमानपत्रांत ज्योतिषांची पत्रं येऊ लागली… आम्ही हे आधीच वर्तवलं होतं, शनी असा होता, मंगळ तसा होता. मामा एकेक पत्र वाचायचे आणि चिडायचे. "आंधी सांगतलं व्हतं तर कुठं सांगतलं व्हतं? कागद दाखवा न." पण चीड एकीकडे आणि कुतूहल एकीकडे. लोक मेले होते, घरं जमीनदोस्त झाली होती, आणि हे खरंच आधी कळत असेल तर न सांगणं पाप आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते कामाला लागले. खामगावच्या वाचनालयातून जुन्या भूकंपांच्या तारखा, वेळा, गावं उतरवून आणायचे. जुनी पंचांगं शेठजी द्यायचे. त्यांचा छापखाना पंचांग छापायचा, म्हणून ओळख. प्रत्येक भूकंपाची कुंडली मामा मांडत, एखाद्या बाळाची मांडावी तशी. मी पंचांग वाचायची, ते गणित करायचे.

दीड वर्ष हे चाललं. बऱ्याच कुंडल्यांत शनी आणि मंगळ एकमेकांच्या केंद्रात सापडू लागले, म्हणजे एकाच घरात, किंवा चौथ्या, सातव्या, दहाव्या घरात. मामांचा चेहरा उजळायचा. "पाय, पुन्हा." एकदा त्यांच्या फडताळात मला माझ्या आईची लग्नपत्रिका मिळाली. सहज गंमत म्हणून मी त्या दिवसाचे ग्रह काढले. शनीपासून मंगळ चौथा. मी मामांना दाखवलं आणि म्हटलं, "मामा, या दिवशी तं भूकंप झाला नव्हता. ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवसांच्या कुंडल्या तुमी काऊन नाही मांडल्या?"

त्या रात्री मामा जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा म्हणाले, "पोरी, दीड वर्स मी गणिताचा मास्तर असून निस्ते खरे पडणारेच उदाहरनं सोडवत बसलो." तुम्ही कधी एखाद्या माणसाला स्वतःची चूक दिसताना पाहिलंय? मी त्या दिवशी पाहिलं. आणि चूक दिसल्यावर त्यांनी ती झाकली नाही, हे शेठजींच्या ऋषीच्या गोष्टीपेक्षा मला मोठं वाटतं.

त्यांनी दोन परीक्षा ठरवल्या. एक मागची. गेल्या वीस वर्षांतल्या तारखांच्या चिठ्ठ्या करून टोपलीत टाकायच्या, मामींनी डोळे मिटून त्यातल्या उचलायच्या, आणि ज्या दिवशी भूकंपाची कुठे नोंद नाही त्या दिवसांच्या कुंडल्या मांडायच्या. दुसरी परीक्षा पुढची. आपल्या नियमाने येत्या वर्षातली एक तारीख, वेळ आणि मुलूख काढायचा, पाकिटात घालून लाखेची मोहोर करायची, आणि एका जाणत्या माणसाकडे ठेवायचं. तारीख उलटल्यावर चारचौघांत उघडायचं. खरं निघालं तर पुढे पाहू, खोटं निघालं तर तेही जाहीर करू. जाणता माणूस म्हणून त्यांनी निवडले शेठजी. पाकीट देताना मी बरोबर होते. "तारीख जाईपर्यंत उघडाचं नाही शेठजी," मामा म्हणाले. शेठजी म्हणाले, "मास्तर, देवापाशी ठेवलं समजा."

तोवर मागच्या परीक्षेचं चित्र स्पष्ट होत आलं होतं. भूकंप न झालेल्या दिवसांतही शनी-मंगळ तितक्याच वेळा केंद्रात सापडत होते. मामा म्हणायचे, "संपलं सुमे हे. पाकीट उघडलं की जाहीर करू." त्यांना वाईट वाटत होतं, पण हलकंही वाटत होतं.

वैशाखात, पाकिटातल्या तारखेच्या दोन दिवस आधी, मामा बाजारातून आले ते हातात गुलाबी पत्रक घेऊन. 'विदर्भात भीषण भूकंप. नामदेव मास्तरांचे निरयन भविष्य.' खाली तारीख, दुपारची वेळ, आणि त्याखाली नव्या वर्षाच्या पंचांगाची जाहिरात. शेठजींनी मोहोर फोडली होती. मामा तसेच छापखान्यात गेले. शेठजींनी शांतपणे सांगितलं, "लोकांचा जीव वाचत असंन तर लपवून ठेवनं बरं नाही मास्तर. अन् लिहिलं तं तुमीच हाये." मामा म्हणाले, "ते खोटं पडनार हाये. मले माहीत हाये." शेठजी म्हणाले, "मंग पडंन. तुमचं काय जाते?"

पुढचे दोन दिवस मामा दारोदार फिरले. घरात राहा, काही होणार नाही, म्हणत. कोणी ऐकलं नाही. मास्तर विनयाने लपवताहेत असं काहींना वाटलं, सरकारने दम दिला असेल असं काहींना. आमच्या शेजारी रामभाऊ राहायचा. त्याची आई सरजाबाई आठ दिवस तापाने पडून होती. मामा त्याच्या अंगणात उभे राहिले. "रामभाऊ, मायले बाहेर काढू नको. ऊन पाय."

"मास्तर, तुमीच लिहिलं न ते?"

"हाव. पन ते मी…"

"लिहिलं न? मंग माय घरात दबून मेली तं तुमी येसान का काढाले?"

त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मामांना कोणी कधी पुरं करू दिलं नाही. त्या दुपारी अर्धं गाव वावरात जाऊन बसलं. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. झाडाखालीही कोणी बसू देत नव्हतं, झाड अंगावर पडेल म्हणून. सरजाबाईंची खाट उघड्या नांगरटीत ठेवली होती, वर एक लुगडं धरून. मामा पाण्याची घागर घेऊन तिथे गेले, सरजाबाईंच्या कपाळावर ओला पंचा ठेवत बसले. वेळ आली आणि गेली. पान हललं नाही. संध्याकाळी लोक घरी परतले, काही जण हसत. सरजाबाईंना घरी आणलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

मी वाट पाहत होते की आता शेठजींना कोणी विचारेल. कोणी विचारलं नाही. पंधरा दिवसांत त्यांनी दुसरं पत्रक काढलं, की भूकंप झालाच, फक्त समुद्राच्या तळाशी झाला, मास्तरांचं स्थळ चुकलं पण काळ चुकला नाही. चौकशी झाली ती मामांची. शिक्षकाने अफवा पसरवली म्हणून त्यांची बदली झाली, दूर सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. चौकशीत त्यांनी पाकिटाची हकिकत सांगितली. साहेबांनी विचारलं, "तारीख तुमच्या हाताने लिहिली होती का?" मामा हो म्हणाले. साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी मामा रामभाऊकडे गेले. मी दारात होते. त्यांनी त्याचे पाय धरले. रामभाऊने आधी पाय मागे घेतले, मग तोही खाली बसला.

सोनाळ्याहून मामांनी आपल्या दोन्ही परीक्षांचा निकाल स्वच्छ अक्षरात लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवला. शीर्षक होतं, 'निरयन कुंडलीवरून भूकंप कळत नाही.' मला माहीत आहेत अशा चार ठिकाणी तो गेला. एकाही ठिकाणी छापला नाही. एका संपादकांनी मात्र उत्तर पाठवलं, की आपलं नवं भाकीत असल्यास अवश्य कळवावे. ज्या माणसाने दीड वर्ष घालून एक खोटी गोष्ट खोटी आहे हे शोधून काढलं, त्याच्यासाठी या मराठी मुलखात दोन रकाने निघाले नाहीत. गुलाबी पत्रकाला कागद मिळाला होता. मामांनी त्यानंतर कोणाची पत्रिका जुळवली नाही. सोनाळ्याच्या शाळेत दर वर्षी सातवीच्या पोरांना मात्र ते एक तास टोपलीतून चिठ्ठ्या उचलायला लावत आणि म्हणत, खरी पडलेली मोजता तशी खोटी पडलेलीही मोजा. पोरांना ते कितपत कळायचं कोण जाणे.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी शेठजींनी सोनाळ्याला माणूस पाठवला, मामांचे कागद न्यायला. मामींनी त्याला चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग मला निरोप आला, ये. मी गेले तेव्हा मामींनी खोलीतली लोखंडी पेटी पुढे ओढली. आत दोन गठ्ठे होते. भूकंपाच्या कुंडल्यांचा एक, सुतळीने बांधलेला, वरचा कागद पिवळा पडलेला. दुसरा भूकंप न झालेल्या दिवसांचा, त्याच्या दुप्पट जाड.

दुसऱ्या गठ्ठ्याच्या मागच्या बाजू मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक कुंडलीच्या मागे मामांनी लिहिलं होतं, 'भूकंप नाही', आणि त्याखाली त्या दिवशी घरात काय झालं ते. त्यांना कुठून आठवलं, मी विचारलं. मामी म्हणाल्या, "मले इचारत व्हते. चिठ्ठी मी काढो, अन् मंग हे म्हनत, सांग, या दिवशी काय झालं? आठवलं तं सांगो." मी वाचू लागले. भूकंप नाही, म्हैस व्याली. भूकंप नाही, मिरचीवर रोग दिसला. भूकंप नाही, सुमनला शाळेत घातलं. भूकंप नाही, काही आठवत नाही…

"हे त्याले देऊ नको," मामी म्हणाल्या. "तो भूकंपाचे तेवढे छापंन अन् हे चुलीत घालंन."

गठ्ठ्याच्या तळाशी वैशाखातल्या त्या दिवसाची कुंडली होती. शनी-मंगळ केंद्रात, नियमाप्रमाणे अगदी बरोबर. मी ती उलटी केली. मागे मामांच्या गणिताच्या मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'भूकंप नाही. सरजाबाई गेल्या. ग्रहांमुळे नाही, माझ्या पाकिटामुळे.' खाली सही, पूर्ण नावाची.

शेठजींचं नाव त्यात कुठेही नव्हतं. मी पेन काढलं होतं, ते लिहायला. मामींनी माझ्या हातातून कागद घेतला, पदराने पुसला, आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तुह्या मामानं आपलं लिहिलं. ज्याचं त्यानं लिहाव."

पेटी आता खामगावला माझ्या खोलीत आहे. शेठजींनी येऊन आपलं लिहावं. मी दार उघडेन.