हाताला हलकी लागलेली पट्टी

काल आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीतून मॉलिब्डेनमची एक पट्टी बाहेर काढली. हा धातू भयंकर उष्णतेतही वितळत नाही, पण तापलेला असताना हवा लागली की पांढरा धूर होऊन उडून जातो. म्हणून त्याच्यावर काचेसारखा लेप चढवतात. कालचा लेप इतका नितळ होता, की मला लगेच संशय आला.

"किती सुरेख आलीय! आता तरी हस," शेजारी काम करणारी वसुधा म्हणाली.

मी पट्टी उचलली. हाताला हलकी लागली. भिंगाखाली कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं. तेवढ्यातून हवा आत शिरली होती आणि धातू मुकाट्याने निघून गेला होता. लेप मात्र तसाच चकाकत होता. चिमटीत जरा दाबला, तर अंड्याच्या टरफलासारखा फुटला.

तडा गेलेल्या वस्तू निदान सांगतात तरी. एकही ओरखडा नसलेलं काही दिसलं, की मी बिचकते. कधीच न भांडणारी जोडपी, सदा हसतमुख शेजारी. वसुधा म्हणते, तुझा स्वभावच वाईट. असेल.

लग्न होऊन लांब गेलेल्या धाकट्या बहिणीचा संध्याकाळी फोन आला. "मी मजेत आहे गं ताई. सगळं छान चाललंय." पूर्वी ही पोरगी फोनवर नुसती कुरकुर करायची. हल्ली आवाजात साधी खरखरसुद्धा नसते.

फोनवर वजन कळत नाही. मी उद्याचं तिकीट काढलंय. तिला एकदा जवळ घेऊन बघायचंय. जपून, फार न दाबता.