दुमडलेला कोपरा

कपाट आवरताना आईची वचनांची पेटी हाती आली आणि तिच्या कापराच्या वासासरशी मी खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरात पोचले. इन्फ्लुएंझाची साथ होती. बाबा तापानं फणफणले होते. रोज सकाळी आई डोळे मिटून पेटीतून बायबलातल्या देवाच्या वचनाची एक चिठ्ठी काढायची. शंभरेक चिठ्ठ्यांतून नेमकी एकच निघायची: देव आपल्याला सोडणार नाही. रोज तीच कशी? मी गुपचूप पाहिलं, तर त्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता.

“आई, ही लबाडी नाही का गं?”

“वचन त्यानंच दिलंय. मी आपली आठवण करून देते.”

बाबा गेले. दुसऱ्या सकाळी ती कुठली काढते, म्हणून मी टक लावून बसले. तिची बोटं पेटीत फिरत राहिली, कोपरा लागेना. मग आईनं डोळे उघडले आणि तीच चिठ्ठी शोधून काढली.