मोरोक्कोतला गडगा

मुलीला मोरोक्कोतल्या एका बंदरात, मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आमच्या ह्यांनी जेवता जेवता निकाल दिला, "नाही." मोरोक्को त्यांनी पाहिला होता ना, इंग्रजी सिनेमांत! पिवळी धूळ, उंट, बाजारातली पळापळ आणि गच्चीगच्चीवर बंदूकवाले. तिथे मुलीला कोण धाडील?

मला हसू आलं आणि रागही. रत्नागिरीच्या माणसाने तरी असं बोलू नये. सिनेमेवाल्यांनी आमच्या कोकणात इतकी भुतं सोडलीत की मुंबई-पुण्याचे पाहुणे चहाच्या आधी भुताचं झाड विचारतात. तेव्हा हेच चिडून म्हणतात, "जन्म गेला या बागेत. वानरांखेरीज कुणी त्रास दिला नाही." मी याची आठवण करून दिली.

"ते वेगळं," म्हणाले.

मी वाद घातला नाही. कॉलेजात चित्रपट मंडळ मी चालवते. अशा माणसाला काय दाखवायचं ते मला बरोबर कळतं. रविवारी दुपारी मोरोक्कोच्याच माणसांनी काढलेला, एका साध्या कुटुंबाचा सिनेमा घरी लावला. खालची इंग्रजी अक्षरं भराभर जात, म्हणून मुलगी मराठीत सांगत होती.

आमच्याकडे स्थळ आलं की मोठी माणसं घर बघायला जातात. ओटीवर बसून गोड बोलतात, पण लक्ष सगळं मागच्या दाराकडे. ह्यांनी सिनेमा नेमका तसा पाहिला. गोष्टीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"थांबव. मागे घे. सून आधी जेवली की नंतर?"

"बरोबरच बसली, बाबा."

"बरं. आणि ती तारली मासे साफ करतेय ना? हात बसलेला आहे हो."

मग घरातला म्हातारा शेजाऱ्यावर धावून गेला. शेजाऱ्याने कुंपणाची दगडी भिंत वीतभर म्हाताऱ्याच्या जागेत घेतली होती. हे खुर्चीत ताठ बसले.

"अगो, गडगा सरकवलान मेल्याने!"

गडग्यावरून आमचा स्वतःचा दावा सासऱ्यांपासून चालू आहे. "सोडू नको, कोर्टात जा," असा सल्लाही त्यांनी त्या म्हाताऱ्याला दिला. मी गालातल्या गालात हसले. अर्धी लढाई मी मारली होती.

शेवटी म्हाताऱ्याची मुलगी परदेशी कामाला निघते. बाप रागावून घरातच बसतो. बसपाशी ती वळून वळून रस्त्याकडे बघते, आणि बस सुटते.

"हा कसला बाप?" हे उसळले. "शेजाऱ्याशी भांडायला धावतो, आणि पोरीला पोचवायला येता येत नाही?"

मुलीने टीव्ही बंद केला. "तो घाबरला होता, बाबा. तिकडची माणसं वाईट असतात असं त्याला वाटत होतं."

"कुणी सांगितलं त्याला?"

"सिनेमात बघितलं होतं त्याने."

असलं वाक्य त्या सिनेमात कुठेच नव्हतं. मी तो आधी पाहिला होता. ह्यांनी खुर्ची मुलीकडे वळवली.

"विमान मुंबईहून ना?" म्हणाले. "सोडायला मी येणार."

मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. आणि तिला धाडायचा एवढा घाट घालणारी मी विचारून बसले, "लगेच जायलाच हवं का गं?" ती आता खरंच जाणार होती.